शालिकच्या अंगावरचं पाणी

त्या वर्षी माझी प्रार्थना आटली होती. रविवारी तालुक्याच्या गावी, राळेगावला, उपासनेला जात होते, डोक्यावर पदर घेऊन गाणी म्हणत होते, पण आत काही हलत नव्हतं. कापसाला बोंडअळी लागली होती आणि गावाला मरण. मी गावची सरपंच होते. नळ, रस्ते, शाळेची भिंत एवढीच कामं करायची असतात असं समजून त्या खुर्चीवर बसले होते. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आलं ते एका घरातून उठून दुसऱ्या घरात सांत्वनाला जाणं. आमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. अमक्याने औषध घेतलं, एवढंच कुणी दारात येऊन सांगायचं आणि मी चपला घालायची. परत येताना देवाला विचारायची, मला इथं कशाला बसवलंस? उत्तर येत नव्हतं, म्हणून हळूहळू विचारणंही बंद केलं.

मी सरपंच झाले ती काही कर्तबगारीने नव्हे. पद बाईसाठी राखीव निघालं आणि गावातल्या दोन गटांचं एकाही नावावर जमेना. आमचं गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. ना कुणाच्या सोयरिकीत, ना कुणाच्या भावकीत. कुणाचेच नसलेले लोक सगळ्यांना चालतात, तशी मी चालले. माझे यजमान शिंपीकाम करतात. ते म्हणाले, "दोघांच्याही मापात न बसलेलं कापड तुझ्या अंगावर आलं. उसवू नको म्हणजे झालं."

माझे वडील राळेगावच्या आमच्या छोट्या चर्चचे कारभारी होते. प्रभूच्या मरणाच्या आदल्या दिवशी, त्या गुरुवारी, आमच्याकडे पाळकसाहेब लोकांचे पाय धुतात. प्रभूने त्या रात्री शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ती आठवण. बाबांचं म्हणणं असायचं, एकट्या पाळकानेच का? जो खुर्चीवर बसतो त्याने त्या दिवशी खाली बसावं. मग ते स्वतः घमेलं घेऊन जमिनीवर बसायचे, आमचे पाय धुवायचे, आणि मला इतक्या गुदगुल्या व्हायच्या की पाणी सगळं त्यांच्या सदऱ्यावर उडायचं. लहानपणी हे सगळं गोड वाटलं. सरपंच झाल्यावर मात्र ही शिकवण अडचणीची वाटू लागली. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकामागे जाणारा मेंढपाळ ऐकायला फार चांगला. पण तो ग्रामपंचायतीला उभा राहिला असता तर नक्की पडला असता. मतं नव्याण्णवांकडे असतात.

पोळा होऊन गेला होता. कापसाची पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, त्यामुळे फवारणाऱ्याच्या तोंडासमोरच फवारा उडायचा. अळी मरत नव्हती म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. दुपारी मी पंचायतीत बसले असताना कुणीतरी धावत आलं. "सरपंचबाई, शालिकनं औषध घेतलं! बापूरावजीच्या वावरात पडून हाय."

शालिक म्हणजे दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जाणारा मजूर. बौद्ध वस्तीत राहायचा. प्रत्येक ग्रामसभेत मागच्या ओळीत उभं राहून त्याचा एकच प्रश्न असे, आमच्या गल्लीतली नाली कधी होते? मी म्हणायची, पुढच्या महिन्यात. तो हसायचा आणि खाली बसायचा. रागावला असता तर बरं वाटलं असतं. बापूरावजी आमचे उपसरपंच, आणि त्यांचं शेत सडकेला लागूनच.

मी पोचले तेव्हा माणसं गोल करून उभी होती. शालिक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडला होता, तोंडातून फेस, अंग थरथरत होतं. थंडी वाजते म्हणून कुणीतरी त्याच्यावर घोंगडं टाकलं होतं. एकजण तांब्यात मिठाचं पाणी घेऊन उलटी काढायला टेकला होता. शालिकची बायको सुमन बाजूला बसून कपाळ बडवत होती. "मीच मारलं याले. सकाळी मीच म्हटलं, मरत काहून नाही एकडाव!" सकाळचं भांडण सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. शालिक गिरणीतून दळण आणायला विसरला आणि घरात पोळीपुरतंही पीठ नव्हतं, एवढंच कारण. असं तर प्रत्येक घरात आठवड्यातून एकदा होतं. पण त्या वर्षी शेतात पडलेला माणूस दिसला की आम्हाला दुसरं काही सुचतच नव्हतं. इतक्यांनी औषध घेतलेलं पाहिलं होतं, की न घेताही माणूस पडू शकतो हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

हात कुणी लावत नव्हतं. हात लावला की पोलिसात साक्षीला जावं लागतं, ही भीती. गाडी बोलवा, असं सगळे एकमेकांना सांगत होते.

तेवढ्यात सडकेवरून कांदे-लसूण विकणारा एक टेम्पो आला. त्याचा भोंगा चालूच होता, कांदे घ्या, लसूण घ्या. गर्दी पाहून टेम्पोवाला उतरला, आमच्यातून वाट काढत आत शिरला आणि शालिकच्या तोंडाजवळ वाकला. मग त्याने घोंगडं ओढून फेकलं. "यानं पेलं नाही काही," तो म्हणाला. "तोंडाले वास नाही. कपड्याले पाहा. माहा भाऊ असाच गेला, फुलसावंगीकडं. आमीबी त्याले पांघरून घालून तसाच नेला. डॉक्टर म्हने, कपडे काहून नाही काढले? जहर तं कपड्यातच होतं. काढा याचे कपडे. साबन आना. धुवा!"

मीही वाकून पाहिलं. तोंडाला कसला वास नव्हता. शर्ट मात्र पाठीपासून कमरेपर्यंत चिंब होता आणि त्याच्या वासाने माझंच डोकं गरगरलं.

तरी कुणी पुढे होईना. टेम्पोवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. मी सगळ्यांत जवळ होते इतकंच. त्याने कांद्याच्या दोन प्लास्टिक पिशव्या माझ्या हातांवर चढवून मनगटाशी गाठी मारल्या, तशाच स्वतःच्या हातांवर चढवल्या, आणि आम्ही शर्ट फाडला. फवारणीच्या ड्रममधलं पाणी नको म्हणून सुमनला आणि दोघी-तिघींना सडकेपलीकडच्या हापशीवर पिटाळलं. त्या भरून आणत होत्या, मी ओतत होते. डोकं, मान, पाठ, काखा. बाईमाणूस परक्या पुरुषाला भर रस्त्यात आंघोळ घालते आहे, हे लोक पाहत होते आणि मला ते कळत होतं. खोटं कशाला लिहू, त्या वेळी मनात काही पवित्र वगैरे नव्हतं. बघ्यांचा संताप येत होता. मग पायांशी आले. टाचांना भेगा पडलेल्या, काही भेगांत रक्त. अनवाणी, चिखलात, त्या विषात हे पाय सकाळपासून चालत होते. ते साबणाने धुताना माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "प्रभू येशू, याला वाचव." कित्येक महिन्यांत मी मनापासून काही मागितलं असेल तर ते तेव्हा.

टेम्पोवाल्याने कांद्याची पोती सडकेच्या कडेला उतरवली. शालिकला आम्ही घरून मागवलेल्या माझ्या यजमानांच्या धोतरात गुंडाळून आत ठेवलं. भोंगा बंद करायचं त्याला सुचलं नाही. गाव संपेपर्यंत आम्ही कांदे घ्या, लसूण घ्या करत गेलो. सुमन माझ्याजवळ बसली होती. रडणं थांबलं होतं, आणि तेच मला भयंकर वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "हा गेला तं मीबी राहत नाही, बाई."

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पोचवून तो माणूस निघून गेला. त्याने नाव सांगितलं नाही आणि घाईत मी विचारलं नाही. पोती न्यायला तो गावी येऊन गेला तेव्हा मी दवाखान्यात होते. नंतर पुष्कळ चौकशी केली, फुलसावंगीलाही निरोप धाडला, पत्ता लागला नाही. त्याने टेम्पो त्याच वेळी त्याच सडकेवर का आणला, याचा अर्थ मी कुणाला सांगत बसत नाही. कांदे विकायला आला होता, हे खरंच आहे. तो आला, हेही खरं आहे.

वॉर्डात फवारणीचीच माणसं होती. काहींच्या डोळ्यांवर पट्ट्या, काहींचे हात खाटेला बांधलेले. शालिक शुद्धीवर नव्हता. हवालदार जबाब घ्यायला येणार होता. मी सुमनला परत परत सांगत होते, की तो काही प्यायलेला नाही, मी स्वतः वास घेऊन पाहिलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमी माहं मन राखून राह्यल्या." सकाळचे शब्द तिच्या कानातून निघत नव्हते. तिची सासू गावाहून निरोप पाठवत होती, की माझ्या लेकाला बोलून बोलून मारलं, आता घरात पाय ठेवू नको.

दुसऱ्या दिवशी यजमानांचा फोन आला. आवाज उतरलेला. "गावात भलतंच बोलून राह्यले. तू म्हने शालिकले बेसुदीत बाप्तिस्मा देला. पानी टाकलं, प्रभूचं नाव घेतलं. साऱ्यांनी ऐकलं म्हनतात." मी हसले, मग मला रडू आलं. ऐकलं होतं हे तर खरंच होतं.

संध्याकाळी बापूरावजी आले, शालिकसाठी नारळपाणी घेऊन. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या सासऱ्यांच्या मातीला त्यांनी खांदा दिला होता. मला व्हरांड्यात बोलावून ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, हवालदाराले सांगा, औषध घेतलं म्हून. माह्या वावरात फवारता फवारता पडला असं झालं, तं उद्या कोनाच्याच वावरात मजूर येत नाही. अळी साऱ्या गावाचं खाऊन टाकीन. तुमी साऱ्या गावाच्या सरपंच हाय, एकल्याच्या नाही."

"आणि सुमन?" मी विचारलं.

"तिचं भांडन तं साऱ्यांनी ऐकलंच हाय," ते म्हणाले. "अन् ते बाप्तिस्म्याचं मी मिटवतो. तुमी फक्त म्हना, पानी टाकलं, नाव कोनाचं घेतलं नाही. नाहीतर लोकं अविश्वास आनतीन. मले थांबवता येनार नाही."

ते गेल्यावर मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला म्हणता येईना. खुर्ची राहिली तर मी फवारणीवर नियम लावू शकत होते, मजुरांसाठी हातमोजे मागवू शकत होते, कितीतरी जीव वाचवू शकत होते. त्यासाठी एक छोटंसं खोटं बोलायचं, तेही बहुधा मरणाऱ्या माणसाबद्दल. भल्यासाठी थोडं वाकावं, असा विचार करणारी मी काही पहिली पुढारी नव्हते. मी पदर डोक्यावर घेतला आणि प्रार्थनेला बसले, तर शब्दच येईनात. शेवटी एवढंच म्हटलं, खुर्ची तुझी, गाव तुझं, शालिकही तुझा. माझ्याने हे पेलत नाही, तू घे. आकाशवाणी झाली नाही. डोळे उघडले तेव्हा समोर वॉर्डाच्या दारात सुमन भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. आणि मला इतकं साधं कळलं, की नव्याण्णवांचा हिशेब प्रभूने माझ्याकडे मागितलाच नव्हता. हरवलेलं कोण आहे, हे मात्र मला समोर दिसत होतं. ज्याला दिसतं त्यानेच उठायचं असतं. खुर्चीवर बसल्यामुळे दूरवरचं दिसतं अशी माझी समजूत होती. जवळचं दिसायला खाली बसावं लागलं.

हवालदाराला मी पाहिलं तेच सांगितलं. तोंडाला वास नव्हता, कपडे चिंब होते. प्रभूचं नाव घेतलं, बाप्तिस्मा दिला नाही. तो म्हणाला, "बाई, नावाचं मी विचारलंच नाही." मी म्हटलं, "तुम्ही नाही, पण गाव विचारतंय. लिहा."

नंतरच्या सकाळी शालिकने डोळे उघडले. चहावाला वॉर्डात फिरत होता. शालिकने सुमनकडे पाहिलं आणि तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दळन राह्यलं ना गिरनीत."

सुमनने त्याचा हात धरला. "तुमी काहून घेतलं हो? माह्या बोलन्यानं?"

"काय घेतलं?" त्याला खरंच कळेना. मग कळलं तसा तो कण्हत हसला. "हट, येडी. दळनापायी कोनी मरते काय? वारा फिरला. फवारा सारा तोंडावर आला. दोनच ओळी राह्यल्या होत्या, म्हटलं आटपून घेतो."

डॉक्टरांसमोर हवालदाराने तोच जबाब लिहून घेतला. सुमन त्या वेळी जी रडली, ते रडणं मी कधी विसरणार नाही. शेजारच्या खाटेवरचा डोळे बांधलेला माणूस विचारू लागला, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही भाऊ, कुणी गेलं नाही. मला वाटलं, मागितलं ते मिळालं. मी मोठ्याने आभार मानले.

त्याच दिवशी कलत्या उन्हात त्याचा श्वास पुन्हा अडकला. नळ्या घातल्या, यंत्र लावलं. दुसऱ्या दिवशी शालिक गेला. डॉक्टर म्हणाले, कपड्यांसकट आणला असता तर तेवढंही बोलला नसता. ते मला धीर द्यायला बोलले असतील. पण मला देवाचा राग आला, हे सांगितलं पाहिजे. द्यायचं होतं तर पुरतं द्यायचं, असं मी त्याला म्हटलं.

गावात अंत्ययात्रेला माणसं होती, पण माझ्यापासून दूर. सरपंचबाईच्या देवाला जमलं नाही, असं मागे कुणी कुजबुजलंही. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी शालिकची म्हातारी आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"माह्या लेकावर कोनाचं पानी घातलं तुमी?" तिने विचारलं.

"हापशीचं, माय," मी म्हटलं. "तुमची सूनच भरून आणत होती. नाव मी माझ्या प्रभूचं घेतलं, ते लपवत नाही. पण तुमचा लेक तुमच्याच धर्मात होता, तसाच गेला. आणि त्याने औषध घेतलं नाही. मरायच्या आधी त्याने स्वतः सांगितलं, दळणापायी कुणी मरत नाही."

"नाव घेतलं तं घेतलं," म्हातारी म्हणाली. "हात तं लावला." मग ती वळली. सुमन घराबाहेर, चपलांजवळ बसली होती; तिला आत घेतलं नव्हतं. म्हातारीने तिला दंडाला धरून उठवलं आणि शालिकच्या उशाशी नेऊन बसवलं. त्यांची वंदना सुरू झाली. मी मागे उभी राहून माझी प्रार्थना म्हटली.

माझ्यावर अविश्वास ठराव आला आणि मंजूर झाला. ठरावात कारण भलतंच लिहिलं होतं. बापूरावजींनी माझ्याकडे न पाहता हात वर केला. त्या हंगामात आणखीही माणसं गेली, आसपासच्या गावांत, आमच्याही. माझ्या हाती काही राहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी बापूरावजींच्या धुऱ्यावर पाण्याची टाकी आणि साबण दिसला.

मला लोक कधी कधी विचारतात, देवाने ऐकलं का तुमचं? मी काय सांगू? सुमन शाळेत मुलांची खिचडी शिजवते. सासूची औषधं, खरी औषधं, वेळेवर देते. मला वाटेत दिसली की थांबवून घेते, तासभर सोडत नाही. त्या दुपारी टेम्पोत ती जे बोलली होती, ते मी त्या म्हातारीलाही कधी सांगितलं नाही. मी प्रभूजवळ शालिकचा जीव मागत होते. त्याने सुमनचा दिला. मागावं आपण, पण कुणाला वाचवायचं ते त्याच्यावर सोडावं, एवढं मी शिकले, तेही रडतच. त्याचे आभार.